काकांचं खातं उघडंच राहिलं

ऑफिसात तिला सगळे सासूबाई म्हणत. तोंडावर नाही अर्थात, तेवढी छाती कुणाची होती? पाठीमागे म्हणत. आणि सासूबाईंना ते ठाऊक होतं, कारण त्या ऑफिसात कोण काय करतं आणि कुठल्या कॉम्प्युटरवरून करतं हे ठाऊक असणं हाच त्यांचा धंदा होता. वय पंचेचाळिशीच्या आसपास, केस घट्ट बांधलेले, चष्मा नाकाच्या शेंड्यावर, आणि नुकत्याच पुसलेल्या फरशीवरून कुणीतरी ओल्या पायांनी चाललंय असा भाव चेहऱ्यावर कायमचा.

कंपनी पार्सलं पोचवायची. कुणाच्या घरी काय जातं, कोण किती वाजता घरी असतं, दार कोण उघडतं, सगळी माहिती कंपनीकडे. पूर्वी ती ऑफिसातल्याच एका थंडगार खोलीत, आपल्याच कॉम्प्युटरांत असायची. मग मॅनेजरसाहेब कुठल्याशा परिषदेला जाऊन आले आणि सगळं उचलून ‘क्लाउड’वर नेलं. ढगबिग काही नाही हो त्यात. दुसऱ्याच्या मालकीची कॉम्प्युटरं, आपण भाड्याने घेतलेली. घर भाड्याचं, सामान आपलं आणि किल्ल्या गावभर वाटलेल्या. ही किल्ली म्हणजे खातं. प्रत्येकाला एक नाव, एक पासवर्ड, आणि त्यावर कुठली दारं उघडतात ते ठरलेलं. कुणाकडे कुठली किल्ली आहे, ती त्याला का लागते, आणि लागत नसेल तर अजून त्याच्या खिशात काय करतेय, हे तपासत बसणं हे सासूबाईंचं काम.

किल्ली सांभाळायची अक्कल एकाला असेल तर शपथ! विक्री विभागात एक सूटबूटवाला होता. पासवर्ड काय, तर स्वतःचं नाव आणि पुढे एक-दोन-तीन. ‘बदला’ म्हटल्यावर एक-दोन-तीन-चार केलं, आणि वर विचारतो, “आता खूश?” हिशेबाच्या टेबलावरच्या दोघी एकाच खात्यावर काम करत, कारण दुसरीला स्वतःचं खातं मागून घ्यायचा कंटाळा. “आम्ही मैत्रिणी आहोत ना,” त्या लाडात येऊन म्हणाल्या.

“मग दातही एकाच ब्रशने घासता का?” सासूबाईंनी विचारलं. त्यानंतर दोघी कितीतरी दिवस त्यांच्याशी बोलल्या नाहीत. सासूबाईंना ते अगदी मानवलं.

मॅनेजरसाहेबांची तर आणखीच तऱ्हा. त्यांना सगळ्या दारांची किल्ली हवी. क्लाउड उघडतात कसा हे माहीत नाही, पण हाताखालच्या माणसाला आपल्यापेक्षा एक दार जास्त उघडतं हे कसं दिसेल? मानपान हो, दुसरं काय! सासूबाईंनी एके दिवशी गुपचूप त्यांचे सगळे अधिकार काढून घेतले, दारं नुसती बाहेरून बघण्यापुरतं ठेवलं. साहेबांना आजतागायत पत्ता नाही.

पण खरा राग होता तो नोकरी सोडून गेलेल्यांच्या खात्यांवर. माणूस निरोपाचं भाषण करून, रडून, फोटो काढून जातो आणि त्याची किल्ली वर्षानुवर्षं जिवंत राहते. म्हणून सासूबाईंनी नियमच करून टाकला होता. जाणारा माणूस शेवटच्या भेटीतून उठला की दारापर्यंत पोचायच्या आत त्याचं खातं बंद, आणि आतबाहेर करताना दार उघडायचं गळ्यातलं कार्डही बंद. त्याला जोडून दुसरा नियम: आपल्या कार्डाने दुसऱ्याला दार उघडून द्यायचं नाही, मग तो सख्खा भाऊ का असेना. ज्याचं कार्ड चालत नाही त्याने उभं राहावं आणि वॉचमनची वाट बघावी. लोक तरीही सभ्यपणाने एकमेकांसाठी दार धरून ठेवत. “सभ्यपणा घरी दाखवा,” सासूबाई ओरडत.

खाती आणि कार्डं प्रत्यक्ष बंद करायचं काम मदतकक्षातल्या एका बाईकडे होतं. सासूबाईंनी तिचं नाव गोगलगाय ठेवलं होतं. हळू चालणं, हळू बोलणं, आणि एक गोष्ट दोनदा विचारल्याशिवाय हात हलायचा नाही. “बंद करू ना? नक्की ना?” सासूबाईंच्या डोक्यात तिडीक जायची. एवढ्या मंद बाईला पगार देतात आणि वर आपल्याला विचारतात की खर्च का वाढतो!

आता तुम्ही म्हणाल, या बाईला जगात कुणाबद्दल काही चांगलं वाटत होतं की नाही? वाटत होतं. एका माणसाबद्दल. काकांबद्दल.

काका म्हणजे आधीचे खातेतपासनीस. सासूबाई नवीन लागल्या तेव्हा त्यांना साधं कळफलकावर बोट फिरवता येत नव्हतं, ते काकांनी शेजारी बसवून सगळं शिकवलं. क्लाउडची सगळी मांडणी त्यांनीच केलेली. त्यांचं एक वाक्य सासूबाईंनी आयुष्यभर धरून ठेवलं: “खातं ज्याचं, करणी त्याची. मी नव्हतो, दुसऱ्या कुणी केलं, हे ऐकायचं नाही.” हेच वाक्य फेकून सासूबाईंनी किती जणांना रडवलं असेल त्याची गणतीच नाही.

काका निवृत्त झाले तेव्हा म्हणाले होते, “माझं खातं राहू दे गं. अडलंनडलं तर घरबसल्या बघता येईल. तुला एकटीला झेपायचं नाही.” सासूबाईंना भरून आलं. पुढे सगळ्या खात्यांना दुसरं कुलूप आलं, पासवर्डनंतर फोनवर येणारे आकडे टाकायचे. काका फोनवर म्हणाले, “मला नको ती कटकट. डोळे कुठे राहिलेत आता!” सासूबाईंनी त्यांचं तेवढं खातं त्या कुलपातून वगळलं. दर तीन महिन्यांनी पडद्यावर प्रश्न यायचा, हे खातं अजून हवं का? सासूबाई न वाचता ‘हवं’ दाबायच्या. कारण विचारलं की लिहायच्या, ‘अडीअडचणीसाठी’.

गोगलगाय एकदा येऊन म्हणाली होती, “काकांचं बंद करू ना? ते तर निवृत्त झाले.”

“पायरी ओळखून राहा,” सासूबाई म्हणाल्या. “काकांनी हे सगळं उभं केलं म्हणून तुला आज इथे खुर्ची आहे.”

काही महिन्यांनी ती पुन्हा आली. तसंच दबकत. “ते काकांचं खातं... नक्की ठेवायचं ना?”

“एकदा सांगितलेलं कळत नाही? पालथ्या घड्यावर पाणी नुसतं!” तिसऱ्यांदा गोगलगाय आली नाही.

असं सगळं चाललेलं असताना दवाखान्यांची एक मोठी साखळी गिऱ्हाईक म्हणून यायला तयार झाली. पेशंटच्या घरी औषधं पोचवायची. पण त्यांची अट होती की आधी बाहेरच्या माणसांकडून चाचणी करून घ्या. हे चाचणीवाले म्हणजे भाड्याने आणलेले चोर. परवानगी घेऊन चोरासारखं आत शिरायचा प्रयत्न करायचा, आणि शिरलो तर कुठून शिरलो ते सांगायचं. मॅनेजरसाहेबांनी सासूबाईंना केबिनमध्ये बोलावलं आणि कायमचं ते हसू चेहऱ्यावर ठेवून सांगितलं, “ते जर खात्यांतून आत आले ना, तर वरचे लोक हे काम बाहेरच्या कंपनीला देणार. मग तुमची जागा राहत नाही. माझ्या हातात काही नाही हो.”

तुमच्या हातात कधी काय होतं, असं सासूबाईंच्या ओठांवर आलं होतं. घरी नवरा मोटार चालवायला शिकवायचा, चार शिकाऊ आले तर आले, नाहीतर गाडी पुसत बसायचा. घर सासूबाईंच्या पगारावर चालत होतं. पण भीती? छे! “येऊ द्या की,” त्या म्हणाल्या. “एक खिडकी उघडी सापडली तर नाव बदलेन.”

“कुठलं नाव?” साहेब म्हणाले, आणि स्वतःच्याच विनोदावर खुर्चीत मागे जाईस्तोवर हसले.

मग सासूबाईंनी ऑफिस पिंजून काढलं. सूटबूटवाल्याचा पासवर्ड तिसऱ्यांदा बदलायला लावला. दोन मैत्रिणींची फारकत केली. कधीकाळी कुणीतरी करून बघायला म्हणून काढलेली, मालक नसलेली खाती धुंडाळून बंद केली. गोगलगायीला बिचारीला पाणी प्यायला उसंत दिली नाही. प्रत्येक खात्याचा धनी कोण, काम काय, शेवटचा केव्हा आला, सगळं बघितलं. एक खातं तेवढं बघितलं नाही. ते काय बघायचं? ते काकांचं होतं.

चाचणीवाला आला तो एक जाडगेला, सर्दी झालेला माणूस. दर दोन वाक्यांमागे रुमालात शिंकायचा. सासूबाईंनी त्याला नखशिखांत न्याहाळलं. हा चोर? याला शिंक लपवता येत नाही, हा काय माझ्या क्लाउडमध्ये शिरणार!

काही दिवसांनी तो बैठकीच्या खोलीत बसला, रुमाल घडी करून टेबलावर ठेवला आणि म्हणाला, “आत गेलो. एकाच खात्यातून. बाकीची दारं तुम्ही फार छान लावलीत, बाई. खोटं नाही सांगत, आम्ही कंटाळून सोडून देणार होतो.”

“कुठलं खातं?” सासूबाईंनी विचारलं. मनात सूटबूटवाल्याला फासावर चढवूनही झालं होतं.

“हे काका म्हणजे कोण?”

सासूबाईंना आधी ऐकूच आलं नाही, म्हणजे आलं, पण समजेना. तो माणूस सांगत गेला. हाच पासवर्ड काकांनी लग्नाच्या व्हिडिओवाल्यांच्या कुठल्याशा वेबसाइटवरही ठेवला होता. ती वेबसाइट मागे फुटली, आणि तिथले हजारो पासवर्ड चोरबाजारात पडून होते. त्यातून उचलला, टाकला, दार उघडलं. दुसरं कुलूप नाहीच. आणि खातं सगळी मांडणी करणाऱ्याचं, त्यामुळे आतली झाडून सगळी दारं उघडी. लोकांचे पत्ते, फोन, सगळं.

“आणि बाई, आम्ही पहिले नव्हतो,” तो म्हणाला. “आत आधीच गर्दी होती.”

काकांच्या खात्यावरून मोठमोठी मशीनं भाड्याने चालू केलेली होती. रात्रंदिवस त्यांवर व्हिडिओ तयार होत होते. त्याने एक लावून दाखवला. नवरा-नवरी फुलांच्या कमानीखालून अगदी सावकाश चालत येत होते, आणि मागे व्हायोलिन. कंपनीच्या पैशाने जगाची लग्नं लागत होती! मॅनेजरसाहेबांचा चेहरा पांढराफटक पडला, कारण क्लाउडचं वाढलेलं बिल ते दर बैठकीत ‘आपला विस्तार’ म्हणून रंगीत चित्रांसकट दाखवत आले होते. आंधळं दळतंय आणि कुत्रं पीठ खातंय, आणि हे महाशय म्हणे जात्याचा आवाज किती छान येतो बघा. पण त्या दिवशी सासूबाईंना त्यांना हसायचीही शुद्ध नव्हती.

संध्याकाळी त्या थेट काकांच्या घरी गेल्या. तिसरा मजला. काका गॅलरीत कुंड्यांना पाणी घालत होते. “ये गं ये,” म्हणाले, “चहा टाकू?”

“तुमचं खातं कोण वापरतंय, काका?”

“जावई.” सरळ सांगितलं, पाणी घालता घालता. “पोरीचा संसार आहे. त्याचं व्हिडिओचं दुकान नवीन, मोठी मशीनं परवडत नाहीत. कंपनीची नुसती पडून असतात.”

“पडून नसतात. चालू केली की भाडं लागतं. मला हे तुम्हीच शिकवलंत.”

“अगं, एवढ्या मोठ्या कंपनीला काय होतंय? समुद्रातून तांब्याभर पाणी.”

“आणि पासवर्ड? तो दुकानातल्या सगळ्यांना माहीत आहे की काय?”

“मग? दर वेळी जावयाला शोधत बसायचं का त्यांनी?”

हाच माणूस. याच्याच शेजारी बसून आपण वही भरभरून लिहून घेतलं. “खातं ज्याचं, करणी त्याची,” सासूबाई म्हणाल्या. “हे कुणाचं वाक्य, काका?”

“कामावर होतो तेव्हाचं आहे ते. आता काय त्याचं!” काकांनी झारी खाली ठेवली आणि पहिल्यांदाच नीट त्यांच्याकडे बघितलं. “आणि हे बघ, बोट माझ्याकडे करू नकोस. मी काही कुलूप तोडून गेलो नाही. दर तीन महिन्यांनी ‘हवं’ म्हणून कोण दाबत होतं? मी एकदा सांगितलं, तू जन्मभर ऐकलंस. आता शहाणी असशील तर मदतकक्षातल्या त्या बाईवर ढकलून दे. बंद करायला विसरली म्हण. असली माणसं विसरतातच, कुणाला नवल वाटायचं नाही. साखर किती घेतेस हल्ली?”

सासूबाई चहा न घेता जिना उतरल्या. जन्मभर त्या लोकांना तुच्छ लेखत आल्या होत्या, आणि खरं सांगायचं तर त्यात त्यांना मजा यायची. आज मजा नव्हती. किळस होती. कुंपणानेच शेत खाल्लं होतं, आणि त्या कुंपणाला पाणी घालत कोण बसलं होतं? बाकीच्यांना नावं ठेवणारी ही दीडशहाणी!

घरी नवऱ्याची आई भाजी निवडत बसली होती. तिला ऑफिसातलं टोपणनाव माहीत होतं आणि फार आवडायचं. “घरात सासू मी, आणि मान मात्र तुला,” असं ती म्हणायची. आज सुनेचा चेहरा बघून तिने विचारलं, आणि सुनेने कधी नव्हे ते सगळं सांगून टाकलं.

म्हातारीने देठ बाजूला टाकले. “लग्न होऊन आलीस तेव्हा स्वतःच्या कपाटाची किल्ली मला दोन वर्षं दाखवली नाहीस,” ती म्हणाली. “त्या बुवाला बरी दिलीस!”

“गुरू होते ते माझे.”

“मग असू देत की. गुरूला नमस्कार करावा, किल्ली कशाला द्यायची?”

नवरा मध्ये काहीतरी समजुतीचं बोलायला आला, दोघींनी त्याच्याकडे बघितलं, तो परत गाडी पुसायला गेला.

दुसऱ्या दिवशी सासूबाईंनी तपासणीचा अहवाल लिहायला घेतला. मॅनेजरसाहेब स्वतः उठून त्यांच्या टेबलाशी आले. असं कधी होत नसे. खुर्ची ओढली, आवाज मऊ केला. “फार काही नाही. एकच वाक्य लिहा. खातं बंद करण्यात मदतकक्षाकडून हयगय झाली. तिला काढू, वरचे लोक शांत होतील. तुम्हीही राहाल आणि मी...” पुढचं त्यांनी गिळलं. बिलाची रंगीत चित्रं त्यांच्याच नावावर होती ना!

काकांनी सांगितलं तेच, जवळपास त्याच शब्दांत. जणू दोघे ठरवून आले होते. सासूबाईंनी काचेतून पलीकडे बघितलं. गोगलगाय कुणालातरी फोनवर विचारत होती, “नक्की ना?” आपण लिहिलं की ही वादसुद्धा घालणार नाही, सासूबाईंच्या मनात आलं. उलट विचारेल, “मीच विसरले ना? नक्की?” आणि डबा उचलून जाईल. एक वाक्य लिहिलं की घर चालणार होतं, पगार चालू राहणार होता. त्यांची बोटं कळफलकावर बराच वेळ तशीच राहिली. खोटं कशाला बोलायचं, मोह झाला त्यांना. चांगलाच झाला.

मग त्यांनी मॅनेजरसाहेबांकडे बघितलं. ते हसत होते. त्या हसण्यात त्यांना काका दिसले, झारीसकट.

“साहेब,” त्या म्हणाल्या, “तुम्हाला गेले आठ महिने क्लाउडमध्ये एकही दार उघडत नाही, हे तरी तुम्हाला माहीत आहे का?”

“म्हणजे?”

“काही नाही. बसा तुम्ही.” आणि त्यांनी टाइप करायला घेतलं. दुसऱ्यांबद्दल ज्या भाषेत लिहायच्या त्याच भाषेत, एक शब्द मऊ न करता. निवृत्त माणसाचं खातं मी चालू ठेवलं. दुसरं कुलूप मी काढलं. मदतकक्षाने बंद करायचं का म्हणून दोनदा विचारलं, दोन्ही वेळा मी त्यांना हाकलून लावलं. कारण विचारल्यावर न वाचता उत्तर दिलं. हा निव्वळ मूर्खपणा आहे आणि तो माझा आहे. खाली स्वतःचं नाव घातलं आणि साहेबांच्या डोळ्यांदेखत तो अहवाल त्यांना, वरच्यांना आणि चाचणीवाल्याला एकदम पाठवून दिला.

वरच्यांनी शुक्रवारी बोलावलं. भेट फार वेळ चालली नाही. ते प्रामाणिकपणाबद्दल दोन शब्द चांगले बोलले आणि मग काढलं. मॅनेजरसाहेब शेजारी बसून मान हलवत होते, दोन्ही वाक्यांना सारखीच. सासूबाई उठल्या. टेबलावरून पर्स, चष्म्याचं घर आणि आपला कप उचलला. सूटबूटवाल्याने कॉम्प्युटरमध्ये डोकं खुपसलं. दोन मैत्रिणींपैकी एकीने रुमाल काढला, दुसरीने तिला कोपर मारलं. सासूबाई कुणाकडे न बघता दारापर्यंत आल्या आणि सवयीने कार्ड टेकवलं.

लाल दिवा लागला. त्यांनी पुन्हा टेकवलं. पुन्हा लाल.

मागे हळू पावलं वाजली. गोगलगाय येऊन उभी राहिली होती. गळ्यात तिचं कार्ड, डोळे रडून लाल. तिने तो अहवाल वाचला होता, सगळ्या ऑफिसनेच वाचला होता. तिचा हात कार्डाकडे गेल्यासारखा वाटला.

“खबरदार!” सासूबाई म्हणाल्या. “आपल्या कार्डाने दुसऱ्याला दार उघडून द्यायचं नाही. वॉचमनला बोलव.”

“बोलावलाय,” ती म्हणाली. हात डोळे पुसायला निघाला होता. “येतोय वर.”

“माझं खातं?”

“बंद केलं.”

“केव्हा?”

“तुम्ही खुर्चीवरून उठलात तेव्हा.”

“नक्की?”

“नक्की.”

सासूबाईंनी चष्मा वर सरकवला आणि तिला नखशिखांत न्याहाळलं. नाव ठेवायला कुठेच जागा सापडेना. मग दोघी बंद दाराशी शेजारी शेजारी उभ्या राहून वॉचमनची वाट बघू लागल्या.